ताटभर तांदळावरचा आदेश

भारतीय स्त्रीला नागरिक म्हणून पुरुषाइतकेच हक्क आहेत. तिने देशात कुठेही राहावं, देशाबाहेर जावं, परत यावं. फक्त ती कोण आहे, हे आधी एकदा नक्की व्हावं लागतं.

हा धडा रखमाजी गुरुजींनी भोकरदनच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवला. 'समानता' हा शब्द ते फळ्यावर इतक्या वळणदार अक्षरांत लिहीत, की तो पुसायचं जिवावर यावं. (फळा मुली पुसत. मुली नीट पुसतात, असा गुरुजींचा अनुभव होता.) धड्याच्या शेवटी एका गुणाचा स्वाध्याय असे. त्यात कधी कुणी नापास झालं नाही. गुरुजी तर नाहीच, कारण त्यांनी तो कधी सोडवला नव्हता.

गुरुजींची मुलगी भार्गवी जर्मनीत नोकरीला. मार्गशीर्षात तिचं पहिलं बाळंतपण होतं. "आई पाहिजे," एवढंच ती फोनवर म्हणाली. सगुणाबाईंनी त्याच दिवशी डिंक आणून ठेवला. गुरुजींनी पासपोर्टसाठी दोघांचेही अर्ज भरायचं ठरवलं. दोघांचे का, तर समानता. (शिवाय बाई एवढ्या लांब एकटी कशी जाईल, हा प्रश्न होताच. तो बाईला कुणी विचारला नव्हता.)

सेवा केंद्र आकांक्षाचं होतं. ती गुरुजींचीच विद्यार्थिनी. गुरुजींचा अर्ज बारा मिनिटांत भरून झाला. सगुणाबाईंच्या अर्जात एक रकाना आला: यापूर्वी दुसरं नाव होतं का?

"नाही," गुरुजी म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, विसरले होते.

"मंग एकोणीस वर्षं मी काय बिननावाची फिरत व्हते?" असं म्हणून सगुणाबाईंनी पिशवीतून शाळेचा दाखला काढला.

आकांक्षाने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. दाखल्यावर गिरिजा कडूबा गाढेकर. आधार कार्डावर सगुणा रखमाजी पुंगळे. तीन शब्द इकडे, तीन तिकडे, सामाईक एकही नाही.

"सर, ह्या तर दोन बाया हायेत."

"एकच आहे. माझी."

"ते बराबर हाय, सर. पण 'माझी' असा रकाना न्हाई यात. नाव बदलल्याचा कागद हाय का?"

कागद नव्हता, पण आदेश रीतसर निघाला होता. एक्केचाळीस वर्षांपूर्वी, लग्नात, ताटभर तांदळावर अंगठीने, सुवाच्य अक्षरांत. काढणारे अधिकारी स्वतः गुरुजी. कारण असं, की घरात गिरिजा नावाची आत्या आधीच होती आणि पुढे गोंधळ व्हायला नको होता. आदेशाची नक्कल ठेवली नाही. मूळ प्रत दुसऱ्या दिवशी शिजवली आणि चौदा जणांनी वरणासोबत खाल्ली. (पैकी तिघं हयात आहेत. त्यांना वरण आठवतं.)

"मंग प्रतिज्ञापत्र करा, पेपरात जाहिरात द्या, गॅझेटला नाव छापून आणा," आकांक्षा म्हणाली. "मार्गशीर्षाच्या आत न्हाई व्हायचं, सर."

"ह्यांचंच बदला एकदा," सगुणाबाई म्हणाल्या. "म्हंजी कळंल."

समानतेचे शिक्षक असल्यामुळे गुरुजींनी सूचनेवर प्रामाणिकपणे विचार केला. पेन्शन, सातबारा, मतदार यादी, सत्काराची अकरा मानपत्रं, दारावरची पाटी.

"छे," ते म्हणाले, "मग मी कोण म्हणून राहू?"

आकांक्षाने प्रतिज्ञापत्राचा कोरा नमुना छापून सगुणाबाईंच्या हातात दिला.

गुरुजींचा पासपोर्ट नवव्या दिवशी आला. पुढे व्हिसाही झाला. सगुणाबाईंची फाइल अजून त्या दोन बायांची ओळख पटवत होती. तेव्हा मार्गशीर्षात बाळंतपणाला गुरुजी गेले. नियमात कुठेही भेदभाव नव्हता: ज्याचे कागद जुळले, तो गेला. विमानतळावर भार्गवीने पोटावर हात ठेवून त्यांच्या मागे बराच वेळ पाहिलं. मागे कुणी नव्हतं. चार किलो डिंकाचे लाडू होते.

बाळ झालं. मुलगी. तिसऱ्या दिवशी गुरुजींनी फोन लावला.

"अगं, बाळंतिणीच्या भाताला तांदूळ किती घेऊ?"

"दोन मुठी. ताटात घ्या, नीट निवडा," तिकडून सगुणाबाई म्हणाल्या. आणि फोन ठेवता ठेवता, "अन् ताटात घेतले म्हणून त्याच्यावर काही लिहू नका."

गुरुजींच्या पद्धतीप्रमाणे शेवटी स्वाध्याय. गुण एक. आपल्या आईचं लग्नाआधीचं पूर्ण नाव, तिन्ही शब्दांत, लिहा. आईला फोन करायचा नाही.