नजरेत न भरणारी गाडी

टिपणीसकाका बेल वाजवायचे आणि मी दार उघडताच विचारायचे, "तुझ्या घरासमोर आत्ता कुठली गाडी उभी आहे? डोकावायचं नाही." एकदा मी भाबडेपणाने सांगितलं, "पांढरी व्हॅन." काकांनी खेदाने मान हलवली. "नापास. नजरेत भरली." तासाभरात ती टेस्ट ड्राइव्हची व्हॅन डीलरकडे परत.

आम्ही अमेरिकेत ट्रॉय गावी राहतो, काका दोन घरं सोडून. उभा जन्म त्यांनी गाड्यांच्या सीट डिझाइन करण्यात घालवला आणि रिटायर झाल्यावर त्यांना गाडीतच झोपायचं वेड लागलं. तेही कुणाला पत्ता न लागता.

कारण होतं मुक्ता, त्यांची लेक. ती स्टेट कॉलेज नावाच्या गावी, गाडीने सहा-सात तासांवर, पीएचडी करते, आणि तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपली रीत. पण तिचे डॉक्टर तिकडे, नवरा तिकडे. काकू असत्या तर बॅगा भरून त्याच गेल्या असत्या. काकू जाऊन तीन वर्षं झाली. काकांनी "मी येतो" म्हटलं, तर मुक्ता म्हणाली, "बाबा, एक बेडरूम आहे. झोपणार कुठे? नका येऊ."

"म्हणजे जागा नाही, एवढंच ना?" काका मला म्हणाले. "जागा आपण घेऊन जाऊ."

मग काखोटीला उशी मारून काकांची डीलरवारी सुरू झाली. एकदा मीही गेले. सेल्समन किल्ल्या घेऊन येतो तो काय, काका व्हॅनमध्ये छातीवर हात ठेवून सपाट. तो बिचारा पांढराफटक पडला. काका डोळे न उघडता म्हणाले, "गुडघे दुमडावे लागतात. पुढची दाखवायला सांग."

त्यांचं शास्त्र ठरलेलं. "बिनखिडक्यांच्या व्हॅनकडे लोक संशयाने बघतात. कॅम्पर घेतला तर आत कुणी झोपलंय ही दवंडीच. मिनीव्हॅन घ्यावी, पोरांना सॉकरला नेणारी. तिच्याकडे तिची मालकीणसुद्धा बघत नाही."

अखेर एक मातकट रंगाची जुनी मिनीव्हॅन पास झाली. मागच्या सीट काढून फळी आणि गादी टाकली, पडदे लावले, पावसातही काच बोटभर उघडी राहील अशी सोय केली, विषारी वायूचा अलार्म बसवला. "झोपताना इंजिन बंद म्हणजे बंद. थंडी वाजली तर दुसरी रजई." अपार्टमेंटच्या मॅनेजरकडून पार्किंगची परवानगीही काढली. लेकीला मात्र सांगितलं, हॉटेल बुक केलंय.

आणि निघायच्या दिवशी या अदृश्य गाडीची त्यांनी पूजा मांडली. बॉनेटवर हळदकुंकू, पुढे झेंडूचा हार, आरशाला लिंबूमिरची. ड्राइव्हवेत नारळ असा फोडला की अख्खी गल्ली बाहेर आली. समोरच्या बाईंनी तर व्हिडिओ काढला.

"काका, भरली की नजरेत," मी म्हटलं.

"मग काय बिनपूजेची काढू? तुझ्या काकूने काढू दिली असती का?" असं म्हणून ते डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसले, पट्टा लावला आणि गेले.

मला घोर लागला होता. सत्तरीचा माणूस, पार्किंग लॉटमध्ये झोपणार, आणि लेकीला कळलं तर ती हात धरून परत पाठवणार.

बाळ झाल्यावर काही दिवसांनी मुक्ताचाच फोन. "ताई, तुला माहीत होतं ना? हॉटेलमधून येणारा माणूस भल्या पहाटे सपाता घालून दारात कसा उभा राहील?"

"रागावलीस?"

"खूप. बाळाला घेऊन भांडायलाच खाली गेले. बाबांनी बाळ घेतलं आणि म्हणाले, आधी गाडीत जरा आडवी हो, मग भांड. मी आडवी झाले आणि झोपलेच गं. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि बाबा बाळाला खांद्यावर घेऊन गाडीभोवती फेऱ्या मारत होते. बाळ झाल्यापासून मी अशी झोपलेच नव्हते. आता रोज दुपारी जाते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

"कधी परतणार म्हणतात?" मी विचारलं. इकडे येऊन तरी काय, रिकाम्या घराचं कुलूप उघडायचं.

"उद्या म्हणतायत. लेकीकडे फार राहू नये म्हणे." मुक्ताने आवाज खाली आणला. "सकाळपासून सगळीकडे गाडीची किल्ली शोधतायत. ती मी डायपरच्या पिशवीत लपवलीय. तू सांगू नकोस हं."