एकतीस जोड्या आणि एक लाथ

तपासणीचे साहेब अडीच वाजता येणार होते आणि मुख्तार मास्तरांची कंबर बरोबर पाऊण वाजता धरली.

कापडे गावाच्या अंगाला असलेल्या त्या शाळेत मास्तर चार वर्षं विज्ञान शिकवत होते, आणि चारही वर्षं तात्पुरते. आज साहेबांपुढं पाठ रंगला तर कायम, नाहीतर जूनपासून महाडात मामूंच्या ट्रकच्या ऑफिसात बसायचं. पाठ होता मेरुरज्जूचा. मास्तरांच्या बायकोनं, नुरजहाँनं, शिवणयंत्राची रिकामी रिळं दोरीत ओवून तेहतीस मणक्यांचा कणा करून दिला होता. दोन्ही बाजूंनी लोंबणारे लोकरीचे धागे म्हणजे चेतांच्या एकतीस जोड्या. त्यातलं शेवटचं रीळ सुटून कपाटाखाली गेलं. मास्तर वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"रीळ सापडेना का?" हेडमास्तरांनी विचारलं.

"सापडलं सर. पण मला वर येता येईना."

बाम झाला, गरम विटेचा शेक झाला, तरी मास्तरांचा काटकोन काही सुटेना. पोलादपूरच्या डॉक्टरांकडे न्यावं तर एसटी साडेतीनला. शेवटी हेडमास्तरांनी कपाळावर हात मारला. "अरे, आपला कुशाबा पायाळू आहे की!"

पायाळू म्हणजे आईच्या पोटातून पायाकडून आलेला. अशा माणसानं कमरेत लाथ घातली की उसण पळते, हे त्या मुलखात शेंबडं पोरही सांगेल. पंचाईत एवढीच, की गेल्याच आठवड्यात मास्तरांनी नववीकडून 'पायाळूच्या लाथेने उसण जात नाही' हे वाक्य दहादा लिहून घेतलं होतं. आणि ती अख्खी नववी आता खिडकीला लटकली होती.

शिपाई कुशाबा दारातच थबकला. "नाय मास्तर. तुमीच म्हनलंत, थोतांड हाय."

"म्हटलं होतं. आता मारा."

"गुरूला पाय लावू? पाप लागंल मला!"

"पाप माझ्या नावावर घालतो, कुशाबा, पण लवकर!"

अडला हरी गाढवाचे पाय धरतो म्हणतात. इथे अडलेला मास्तर शिपायाच्या पायापुढं पाठ धरून उभा होता. कुशाबा बाकावर चढला, हात जोडून पुटपुटला आणि झोपलेल्या बाळाला थोपटावं तसा त्यानं पाय लावला.

"जोरात! चौथ्या आणि पाचव्या कटिमणक्याच्या मधोमध!"

"मला मनकं मोजता येत नाय, मास्तर. दुखतंय कुठं ता सांगा."

दुसरी लाथ जरा बरी बसली, आणि नेमके तेव्हाच दारात साहेब उभे राहिले. जीप तासभर आधीच पोचली होती. वाकलेला शिक्षक, त्याच्या पाठीवर शिपायाचा पाय आणि खिडकीत चाळीस तोंडं, हे सगळं त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हे काय चाललंय?"

मास्तरांना साहेबांचे फक्त बूट दिसले. चार वर्षांची नोकरी त्या बुटांपाशी येऊन थांबली होती. घाबरलेल्या माणसाला जे पाठ असतं तेच तोंडातून निघतं.

"विद्यार्थ्यांनो!" मास्तर जमिनीकडं बघून गरजले. "कुशाबांचा अंगठा आहे तिथं मेरुरज्जू नाही! तो वर, पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्यापाशीच संपतो. खाली नुसता चेतांचा जुडगा, घोड्याच्या शेपटीसारखा. कुशाबा, अंगठा मानेकडं घ्या!"

अंगठा सरकू लागला. मानेत आठ जोड्या. छातीत बारा. कमरेत पाच, त्याखाली पाच, आणि तळाशी एक. खिडकीतली नववी एका सुरात मोजत होती. शेवटच्या जोडीपाशी कुशाबाचा तोल गेला, सगळा भार कमरेवर आला, कट्ट असा आवाज झाला आणि मास्तर उभे राहिले, सरळ. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. 'स्वतःच्या शरीराचा शैक्षणिक साहित्य म्हणून उपयोग. अभिनंदनीय,' असा शेरा पडला आणि मास्तर जूनमध्ये कायम झाले.

काय दिवस होते ते! पुढं दर वर्षी मास्तर धडधाकट कमरेनं वाकायचे आणि कुशाबा बाकावर चढायचा. त्या वर्गातला कुणी बिरवाडीच्या कारखान्यात लागला, कुणी आखातात गेला, पण एसटी स्टँडवर भेटला की पहिल्यांदा म्हणणार, "सर, मानेत आठ!" मास्तरांच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. एकच सल होता. विज्ञानाच्या माणसाची कंबर लाथेनं सुटली, हे त्यांनी कुणापाशी कधी बोलून दाखवलं नाही.

अकरा वर्षांनी कुशाबा निवृत्त झाला. सत्कार आटोपून मंडळी जेवायला गेली, तेव्हा तो मास्तरांजवळ आला.

"मास्तर, रागावू नका. मी पायाळू नाय. पायाळू माझा थोरला भाऊ, गोमाजी."

"काय सांगता!"

"आधीच्या हेडमास्तरांना सारखी उसन भरायची. पायाळू असशील तर शिपाई ठेवतो म्हनले. घरात खायला नव्हतं. मी हो म्हनलो."

"मग माझ्या वेळी का नाही सांगितलंत? एवढं पाप कशाला घेतलंत?"

"तुमचीबी नोकरीच व्हती ना," कुशाबा खाली बघत म्हणाला.

मास्तरांनी म्हाताऱ्याला मिठी मारली. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की पायाळूच्या लाथेनं काही झालंच नव्हतं. नववीनं दहादा लिहिलं ते अक्षरन्‌अक्षर खरं होतं!

"म्हणजे मी बरोबर होतो, कुशाबा!" ते खदखदून हसले, आणि मध्येच थांबले. कमरेत बारीकशी कळ आली होती, अकरा वर्षांत पहिल्यांदाच.