आक्कांच्या वाट्याचा वारा

सगळं सुरू झालं ते एका टेबलफॅनमुळे, आणि तो फॅन तर कधीच भंगारात गेला होता.

कुंडलिकरावांनी येडगावच्या वस्तीवर घर बांधलं, वास्तुशांत घातली, त्या दिवशीची गोष्ट. फॅन कोरा करकरीत, पण त्याची मान फिरायची नाही. ती ज्या दिशेला अडकली होती, त्या दिशेला व्याही बसले होते. कुंडलिकरावांची थोरली बहीण सरूबाई, म्हणजे सगळ्यांच्या आक्का, बसल्या होत्या चुलीच्या अंगाला. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, थोडा वेळ पदरानं वारा घेतला आणि ताट पुढ्यात यायच्या आत उठल्या.

"ज्या घरात माझ्या वाट्याला वारा न्हाई, तिथं मी पाणी बी पिणार न्हाई," एवढं बोलून त्या मंचरला निघून गेल्या.

तेव्हापासून दर भाऊबीजेला कुंडलिकरावांनी मंचरला जायचं, ओवाळून घ्यायचं, लाडू खायचे आणि परत यायचं. आक्का काही येडगावला आल्या नाहीत. फॅन गेला, व्याहीही गेले (देवाघरी, रुसून नव्हे), आक्कांचा राग मात्र होता तिथंच, त्या अडकलेल्या मानेसारखा.

प्रयागबाई म्हणजे कुंडलिकरावांच्या मंडळी. त्यांचा स्वभाव असा, की माणूस रुसलं तर त्या माणसाशी बोलत बसायच्या नाहीत, थेट देवाशी बोलायच्या. त्यांनी आक्कांसाठी सोळा सोमवार धरले. धरले ते माघात. श्रावणात धरले असते तर उद्यापन थंडीत आलं असतं, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा वैशाख लागला होता आणि अंगणात पापड घातला तर तो भाजूनच उचलावा लागत होता.

मंचरला बोलावणं गेलं. आक्कांचा निरोप आला, "येते. पण उकडलं तर उठेन."

उद्यापनाचा चुरमा आक्कांच्या तोंडात पडला, की व्रत पुरं झालं, अशी प्रयागबाईंनी मनाशी खूणगाठ बांधली. पोथीत तसं काही लिहिलेलं नाही. पण पोथी लिहिणाऱ्याला आक्का ठाऊक नव्हत्या.

"चार पंखे आणू का?" कुंडलिकराव म्हणाले.

"पंख्याचं नाव काढू नका. पंख्यानंच घात केलाय."

मग कुंडलिकराव म्हणाले, "चिमाजीचा डबा आणतो."

चिमाजी त्यांचा धरणावरचा मित्र. पुण्याच्या पिकनिकवाल्यांना राहायला म्हणून त्यानं जीपमागं जोडून ओढायची एक पत्र्याची खोली आणली होती. दोन चाकांवरची. आत समोरासमोर दोन बाकं, ताटाएवढी मोरी आणि पुढच्या भिंतीत एसी. इंग्रजी नाव भलतंच होतं, सगळे तिला डबाच म्हणत.

सोमवारी सकाळी डबा गोठ्याशेजारी उभा राहिला. चिमाजीनं वायर घरात ओढली आणि नियम सांगितले. "वहिनी, दार-खिडक्या गच्च लावायच्या. फट राहिली की थंडी बाहेर पळती. आन् एका टोकाला समदे बसू नका, डबा उलाळ व्हतो, त्या अंगाला कलतो."

"लाईटचं काय?" प्रयागबाईंनी विचारलं. त्या वर्षी भारनियमन होतं; लाईट पाहुण्यासारखी यायची आणि पाहुण्यासारखीच चहा व्हायच्या आत जायची.

"आज दुपारी हाय लाईट. आक्का यायच्या टायमाला बरोबर," कुंडलिकराव म्हणाले.

दोघं पुरुष खांद्यावर टॉवेल टाकून विहिरीवर गेले आणि प्रयागबाई एसीसमोर एकट्याच राहिल्या.

आता, त्यांच्या घरात कुठलीही मशीन पूजेशिवाय चालू झालेली नव्हती. ट्रॅक्टरला हार होता, मोटारीला नारळ होता, मिक्सरला कुंकू होतं. टेबलफॅन तेवढा गडबडीत बिनापूजेचा चालू केला होता, आणि त्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. प्रयागबाईंनी एसीला हळदकुंकू लावलं. अक्षता वाहिल्या. तरी मन भरेना. आज एवढं मोठं काम ह्याच्यावर टाकायचं, आणि वरवर टिकली लावून सोडायचं? त्यांनी देव्हाऱ्यातून धामणीच्या खंडोबाचा भंडारा आणला. एसीच्या वरच्या अंगाला आडव्या फटी होत्या. वारा तिथूनच येतो, असं चिमाजी म्हणाला होता. म्हणजे तेच त्याचं तोंड. प्रयागबाईंनी चिमटीनं थोडा भंडारा त्या तोंडात घातला. तो आत दिसेनासा झाला. मग मूठभर घातला. तोही गेला. देवाचं आहे, उरवायचं कशाला, म्हणून मग पुडी रिकामी केली.

आक्का आल्या त्या सांगितल्या वेळेच्या बऱ्याच आधी. पांढरंशुभ्र, काठाला जेमतेम हिरवी रेघ असलेलं नऊवारी लुगडं, आणि चेहऱ्यावर 'बघूच' असा भाव. कुंडलिकरावांनी त्यांना थेट डब्यात नेलं आणि एसीसमोरच्या बाकावर बसवलं. आक्का बसल्या तसा डबा नम्रपणे मागं झुकला.

"हे काय झालं?"

"काय न्हाई आक्का. तुमी पुढं सरका वाईच," असं म्हणून कुंडलिकरावांनी उतरून एका चाकाला दगड लावला, प्रयागबाईंना प्रसादाच्या ताटासकट आत घेतलं, दार-खिडक्या गच्च लावल्या आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. लाईट गेली होती.

बंद पत्र्याच्या डब्यात, वैशाखातल्या दुपारी, तिघं बसून राहिली.

"खिडकी उघड," आक्का म्हणाल्या.

"नको. थंडी भाईर जाईल."

"आत आलीच न्हाई, ती भाईर जाईल कशी?"

कुंडलिकरावांनी ह्यावर विचार केला. "चिमाजीनं सांगितलंय, गच्च लावायचं."

आक्कांच्या कपाळावरून घामाची धार निघाली, नाकाच्या शेंड्याशी थांबली आणि हनुवटीवर उतरली. प्रयागबाई चुरम्याचं ताट मांडीवर घेऊन मनातल्या मनात महादेवाला हाका मारत होत्या. एक घास. देवा, उठायच्या आत एकच घास.

"आक्का, एवढा प्रसाद घ्या."

"आधी वारा," आक्का म्हणाल्या. "न्हाई तर ही मी उठले." आणि गुडघ्यावर हात टेकून त्या खरंच उठायला लागल्या. उठता उठता एसीकडे बोट करून म्हणाल्या, "आन् ह्याचं तोंड तरी माझ्याकडंच हाय ना? का ह्या खेपंला बी व्याह्याकडं?"

"तुमच्याकडंच," कुंडलिकराव म्हणाले. "सगळा तुमच्याकडं."

तेवढ्यात लाईट आली.

एसी आधी खाकरला. मग थरथरला. मग त्याच्या तोंडातून जे निघालं, ते सगळं आक्कांच्या वाट्याला आलं, एक चिमूटही दुसरीकडे गेली नाही. पांढरं लुगडं पिवळं झालं. केस पिवळे झाले. घामानं ओल्या चेहऱ्यावर तर हळद अशी बसली, की नवरीला लावतानाही एवढी सारखी बसत नाही. शेवटी दोन अक्षता आल्या आणि टुपकन आक्कांच्या कपाळाला चिकटल्या.

कुंडलिकराव दाराची कडी कुठं आहे ते बघत होते. प्रयागबाईंचे डोळे मिटले होते. सोळाच्या सोळा सोमवार ओळीनं दाराबाहेर चाललेले त्यांना दिसत होते.

आक्कांनी तोंड उघडलं. पण अंगावर भंडारा पडल्यावर जे शब्द लहानपणापासून जिभेवर आलेले, तेच आधी आले.

"येळकोट येळकोट जय मल्हार," आक्का म्हणाल्या आणि हात जोडले गेले.

"सदानंदाचा येळकोट," कुंडलिकराव घाईघाईनं म्हणाले.

एकदा हात जोडले गेल्यावर रागावणार कसं? आक्कांनी बोटानं गालावरची हळद पुसली, हुंगली. "धामणीचा हाय का गं, प्रयागा?"

"व्हय आक्का."

"लुगड्याचा इस्कोट केलास बघ." असं म्हणून त्या पुन्हा बसल्या. डबा झुकला. एसीतून आता नुसताच वारा येत होता, गार, आणि सगळा त्यांच्याच तोंडावर. आक्कांनी डोळे मिटले, मग चुरम्याचं ताट पुढं ओढलं. पहिला घास घेतला. दुसरा घेतला. म्हणाल्या, "तूप कमी हाय," आणि ताट संपवलं.

प्रयागबाई डब्यामागं, गोठ्यापाशी जाऊन जरा रडल्या. महादेवाला आणि खंडोबाला त्यांनी वेगवेगळा नमस्कार केला, उगीच दोघांत रुसवाफुगवी नको.

दुसऱ्या दिवशी चिमाजी डबा न्यायला आला. आक्का आत बाकावर आडव्या होत्या, दार-खिडक्या गच्च. "थंडी भाईर जाईल," आतून आवाज आला. चिमाजी चहा पिऊन परत गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तो चहा पिऊन परत गेला.

एका सोमवारी कुंडलिकरावांनी पाहिलं, तर प्रयागबाई पुन्हा उपाशी, पुन्हा पोथी काढून बसलेल्या.

"आता गं काय मागती?" त्यांनी विचारलं.

प्रयागबाईंनी डब्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मागत न्हाई. मागच्या येळंला एक सांगायचं ऱ्हायलं. आक्का येऊ दे, एवढंच म्हणलं मी देवाला. किती दिवसांसाठी, ते म्हणलंच न्हाई."