दाजींचं इंग्रजीसाठी गाऱ्हाणं

आमच्या मसुऱ्याचे दाजी इंग्रजीतलं एक वाक्य बोलण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. चेष्टा करत नाही मी. माझ्या पडवीत संध्याकाळी मी इंग्रजी बोलायचा वर्ग घेतो, तिथे हा तमाशा रोज चालतो. नाव पुकारलं की दाजी उठतात, हात जोडतात आणि सुरू होतात, "बा देवा म्हाराजा, हो तुजो भगत आज इंग्रजी बोलूक उभो रवलो आसा. तेच्या तोंडातसून काय वाकडातिकडा इला, तर ता सरळ करून घी रे म्हाराजा." मागची पोरं ओरडतात, "व्हय म्हाराजा!"

एवढ्या तयारीनंतर इंग्रजी येतं ते "माय नेम इज." पुढे नाव नाही. जन्मभर वापरलेलं स्वतःचं नाव, तेसुद्धा आठवत नाही. कपाळाला घाम फुटतो, मग तांब्याभर पाणी पिऊन "आज नाय होवचा" म्हणत खाली बसतात.

आता बघा, गावाची गाऱ्हाणी हाच माणूस घालतो. पाऊस लांबला तर भर देवळात देवाला उभा-आडवा घेतो. आणि हा गृहस्थ "हाऊ आर यू"ला भितो. इंग्रजी काय माणसाला खाते? पण सांगणार कोणाला, पालथ्या घड्यावर पाणी. बरं, यांच्या बागेतले काजू मराठीतच विकले जातात. मग इथे कशाला मरायला येतात, ते मला कळत नव्हतं.

भीती खरजेसारखी असते, एकाची दुसऱ्याला लागते. वर्गातल्या मनालीची गोव्याच्या एका हॉटेलात मुलाखत होती. पोरगी बरी बोलायची. सराव म्हणून मी साहेब होऊन प्रश्न विचारायला बसलो, तर ती मागे वळून म्हणते, "दाजीनू, माज्यासाठी पण घाला मां." दाजींनी घातलं, तेही ऐसपैस. आणि ही बया पहिल्याच प्रश्नाला मुकी.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "दाजी, उद्यापासून येऊ नका. स्वतः बुडताय ते बुडताय, पोरांना घेऊन बुडताय."

वर्ग सुटला. दाजी मात्र चटई गुंडाळत राहिले, गुंडाळलेली परत उलगडून.

"मास्तरा," खाली बघूनच म्हणाले, "मी बोलूचंय नाय. नुसतो कोपऱ्यात बसतलंय. पण येव नको, असा म्हणा नको."

"अहो, पण तुम्हाला इंग्रजी हवंय कशाला?"

"इंग्रजी गेला चुलीत. बायल गेल्यापासून घरात माज्याशी बोलणारा कोण नाय. देव ऐकता, पण बोलना नाय. हयसर मी चुकलंय की तू माज्यार वरडतस तरी."

मी काही विरघळणारा माणूस नाही. मनालीसाठी गाऱ्हाणं घालायचं नाही, अशी सक्त ताकीद दिली. दुसऱ्या दिवशी पहिलं नाव दाजींचंच पुकारलं. ते चुकले, आणि मी नेहमीपेक्षा जास्त वेळ ओरडलो. दाजी मान खाली घालून सगळं ऐकत राहिले.

मग मी त्यांना पुन्हा उभं केलं.