सावळाराम 'लो' दाबणार नाय!

"माझी पल्लवी पडद्यावर येईल ना, तर अशी येईल की तिच्या कुडीतला खडा लाल हाय का हिरवा, हेसुद्धा तुमाला दिसंल!" असं सावळारामने आसनगावच्या आपल्या अख्ख्या आळीला सांगून ठेवलं होतं.

सावळाराम वाशिंदच्या कारखान्यात फोरमन. मशीनच्या खडखडाटावर ओरडून ओरडून त्याचा घसा असा तयार झाला होता, की जेवताना त्याने मीठ मागितलं तरी शेजारी भांडण बघायला दारात यायचे! पण पोरीचं नाव निघालं की तोच माणूस लोण्यासारखा वितळायचा. पल्लवी शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला शिकायला गेली. त्या घरातून तोवर कोणी विमानतळसुद्धा पाहिला नव्हता. आता, दोन हजार नऊच्या डिसेंबरात, तिला पदवी मिळणार होती आणि तिची युनिव्हर्सिटी तो समारंभ इंटरनेटवर थेट दाखवणार होती.

दुपारी साडेचारला सावळारामच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. 'जय भीम, जय भीम' करत माणसं येत होती आणि बायको चंदा चहा फिरवत होती. सावळारामने कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर तीन बटणं आली: लो, मीडियम, हाय.

"हाय!" सावळाराम गरजला. "आपल्याला कमी नको!"

आणि खरंच, चित्र असं लख्ख उमटलं की सगळ्यांच्या तोंडून 'आहाहा' निघालं. केवढा तो हॉल! व्यासपीठावर झगा घातलेला एक गोरा साहेब भाषणाला उभा राहिला, त्याने तोंड उघडलं... आणि ते उघडंच राहिलं! मधोमध एक चक्र गरगरायला लागलं.

एक मिनिट झालं. दोन झाली.

"अरे, त्याला कोनीतरी पानी द्या रे," सावळारामची म्हातारी आई भीमाबाई कळवळली. "किती वेळ आ करून उभाय बिचारा!"

सावळारामने कॉम्प्युटरला एक थापड मारली. साहेबाचं तोंड मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा अडकलं. मग सावळारामने टेलिफोनवाल्यांना मोबाइल लावला.

"तुमची बँडविड्थ कमी पडते आहे," पलीकडचा माणूस म्हणाला.

"माझी कमी? तोंड सांभाळून बोल! या आळीत येऊन कोनालाही विचार, सावळारामचं काय कमी हाय ते!"

पलीकडून फोन ठेवला गेला. आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडून आवाज आला, "अरे, अडकला! परत अडकला!"

सावळारामचे कान टवकारले. भिंतीपलीकडे गणू राहायचा, चंदाचा सख्खा भाऊ. इंटरनेटची एकच लाइन, ती सावळारामच्या घरात आलेली, आणि तिचीच एक वायर खिडकीतून गणूच्या घरात गेलेली. सावळाराम कुंपणाकडे धावला. पाहतो तर गणूच्या नव्या मोठ्या पडद्यासमोर निम्मी आळी बसलेली, आणि पडद्यावर तोच गोरा साहेब, तसाच आ करून!

"गण्या! माझ्या लाइनीवर माझ्याच पोरीचा कार्यक्रम लावतोस?"

"मंग? भाची माझी नाय का, भावजी? नि तुमच्या त्या आगपेटीएवढ्या पडद्यावर काय दिसनार?"

"तू खेचतोस म्हनून मला मिळत नाय!"

"तुमी खेचता म्हनून मला मिळत नाय!"

"तू कशावर ठेवलंयस?"

"हायवर! का? आमी काय लोवाले वाटलो?"

दोघं एकमेकांच्या कॉलरला हात घालणार, तोच सावळारामच्या खिशातला मोबाइल वाजला. पल्लवीचा फोन!

"बाबा, दिसतंय का?"

"काय नाय दिसत! तुझ्या मामाने वाट लावली!"

"तुम्ही हायवर ठेवलंय का? बाबा, हायला चित्रात ठिपके खूप असतात. ते सगळे दर सेकंदाला आपल्या लाइनीतून यायला हवेत, आणि आपली लाइन बारीक. लो करा. ठिपके कमी होतील, चित्र जरा पुसट दिसेल, पण चालेल तरी!"

"लो? पोरगी एवढी शिकली नि मी तिला लोमधी बघू? जमनार नाय!"

"बाबा, ऐका तरी, आमचा..."

पण सावळारामने रागाने फोन बंदच करून टाकला.

हे सगळं चंदाने दारातून ऐकलं. तिने चहाची किटली दाणकन खाली ठेवली, आत गेली आणि गणूकडे जाणारी वायर उपटून काढली.

"गणू! तुझी मानसं घेऊन इकडं ये. नि तुमी," ती नवऱ्याकडे वळली, "आता एक अक्षर जरी बोललात, तर माझ्याशी गाठ हाय!"

सावळारामने आ केला आणि तो त्या साहेबासारखाच अडकला.

चंदाने 'लो' दाबलं. चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं झालं. माणसांचे चौकोनी तुकडे झाले, तोंडावर नाक कुठे, ते कळेना. पण साहेब बोलायला लागला! काळे झगे एकामागून एक व्यासपीठावर चढायला लागले, आणि आवाज मडक्यातून आल्यासारखा घुमायला लागला.

"पॉ... ली..." नाव पुकारलं गेलं.

"पल्लवी! पल्लवी म्हनाला!" सावळाराम ताडकन उठला. काळ्या झग्यातला एक ठिपका दुसऱ्या ठिपक्यापाशी गेला, हात मिळवला, बाजूला झाला. सगळी खोली टाळ्यांनी दणाणली. भीमाबाईने पदराने डोळे पुसले. सावळारामने गणूच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा हंबरडा फोडला. "गण्या, आपली पोरगी रे!" "भावजी, चालली कशी ऐटीत, बघितलंत?" दोघांना आवरता आवरेना. चंदाने पेढे वाटले. डोळे पुसत पुसत सावळारामने मोबाइल चालू केला, तर तो लगेच वाजला.

"बाबा! फोन का बंद केलात? लागलं का?"

"लागलं गो! बघितली तुला डोळे भरून! काय चाललीस, काय हात मिळवलास! तुझा मामासुद्धा रडला!"

"बाबा, मी अजून बाहेर रांगेत उभी आहे. हा दुसऱ्या डिपार्टमेंटचा कार्यक्रम होता. आमचा आता अर्ध्या तासाने आहे."

सावळारामने मोबाइल हळूच खिशात ठेवला. खोलीभर पेढे खाल्लेली तोंडं त्याच्याकडे बघत होती. जन्मात पहिल्यांदाच तो इतक्या हळू बोलला, की मागच्यांना पुढे सरकावं लागलं.

"मंडळी, बसा जरा. ती... दुसऱ्या कोनाची तरी होती."

"आँ?" गणूच्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला. "मंग आपन रडलो कोनासाठी?"

"पोरगीच व्हती ना कोनाची तरी?" चंदा किटली उचलत म्हणाली. "फुकट नाय गेलं. चहा ठेवते, बसा!"