जुबेदा सिस्टरांचा राउंड

चहाच्या पातेल्यात कात्री उकळणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. दसरा नुकताच झाला होता. आमच्या दारातल्या गुलाबाची छाटणी करायला जुबेदा सिस्टर आल्या, सरळ स्वयंपाकघरात शिरल्या, गॅसवर पातेलं चढवलं, त्यात कात्री सोडली आणि माझ्या बायकोला, सीमाला विचारलं, "पेशंटला काय खायला घातलंय?"

सीमाला वाटलं, माझ्याबद्दल विचारतायत. ती म्हणाली, आत्ताच पोहे खाऊन बसलेत. सिस्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "गुलाबाचं विचारतेय मी. छाटणीआधी खत दिलंत की काय?"

दिलं होतं. मग आम्हा दोघांना चांगला अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं.

सिस्टर सरकारी नर्स होत्या. सगळी नोकरी वेल्हे आणि भोरच्या डोंगरपट्ट्यात गेली. पानशेतच्या मागची गावं, वरंधा घाटाच्या वाटेवरचं आमचं हिर्डोशी, जिथं एसटी मनात आलं तर येते, अशा ठिकाणी खांद्याला लसीची पेटी अडकवून त्या पायी हिंडल्या. निवृत्त झाल्यावर भोरात आमच्या गल्लीत घर घेतलं आणि एकट्या राहू लागल्या. माणसांतले पेशंट संपले, म्हणून त्यांनी गल्लीतल्या कुंड्या हाताखाली घेतल्या.

रोज सकाळी त्यांचा राउंड निघायचा. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, एका हातात छत्री, खांद्याला पिशवी. पिशवीत कडुनिंबाच्या तेलाची बाटली, जुनी सुती फडकी आणि ती कात्री. कुणाच्याही फाटकाची कडी त्यांनी कधी वाजवली नाही. आत यायचं, कुंडीतल्या मातीत बोट खुपसायचं, पान उलटं करून बघायचं आणि घरच्यांना म्हणायचं, "हिस्ट्री सांगा." आपण सांगायला लागलो की, "थोडक्यात." जास्वंदीवर पांढरा मावा पडला तर त्या आजूबाजूच्या कुंड्या लांब हलवायला लावत आणि जास्वंदीच्या मालकिणीला इतरांच्या बागेत जायची बंदी करत. समोरच्या बाई चार दिवस रागाने बोलल्या नाहीत. सिस्टर म्हणाल्या, साथीच्या रोगात असंच असतं.

पावसाळा लागायच्या आत कुंड्यांची भोकं मोकळी झालीच पाहिजेत आणि खालच्या ताटल्या निघाल्याच पाहिजेत, ही त्यांची पहिली मोहीम. थंडीत मोगऱ्याचं पाणी तोडायचं, पानं झडू द्यायची, मग छाटायचा, तरच उन्हाळ्यात फुलतो. पण ते वाळकं झाड बघून लोकांना दया येते आणि कुणीतरी गुपचूप तांब्याभर पाणी ओततंच. सिस्टरांचं बोट ते लगेच पकडायचं. उन्हाळ्यात वाळक्या पाल्याचा थर मातीवर अंथरायचा आणि पाणी ऊन उतरल्यावरच द्यायचं. दुपारी हातात पाइप धरलेला माणूस दिसला की त्या रस्त्यातूनच नळ बंद करायला सांगत.

त्या चुकत नसत असं मुळीच नाही. आमचा कढीपत्ता एका वैशाखात वाळला. त्यांनी खोडावर नख ओढून पाहिलं, हात पुसले आणि खालच्या आवाजात सांगितलं, "गेला. मनाची तयारी ठेवा." पावसात त्याच बुंध्याला हिरवीगार पालवी आली. मी मुद्दाम बोलावून दाखवली. त्यांनी बराच वेळ निरखून सांगितलं की हा तो नव्हे, हा शेजारून फुटलेला दुसरा आहे.

गुलाबाच्या त्या छाटणीनंतरच्या हिवाळ्यात माझे वडील गेले. किडन्या निकामी झाल्या होत्या. आई हिर्डोशीच्या घरात एकटीच राहत होती; उन्हाळा संपता संपता मी जवळजवळ जबरदस्तीनेच तिला भोरला आणलं. तिने बरोबर एक गाठोडं घेतलं आणि तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावलेलं सोनचाफ्याचं कलम. ते वडिलांनी आजारी पडायच्या आधी आणलं होतं. परसात लावायचं राहून गेलं होतं. एसटीत आईने तो डबा मांडीवर घेतला, कुणाला हात लावू दिला नाही.

आमच्याकडे ती फारसं बोलायची नाही. दिलेलं खायची, दाराच्या पायरीवर बसायची आणि चाफ्याला पाणी घालायची. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, मध्ये आठवण झाली की पुन्हा. बाहेर धो धो पाऊस लागलेला असला तरी हातात तांब्या असायचाच. सीमाने सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं. ती नुसती मान हलवायची.

श्रावणात चाफ्याची पानं पिवळी पडून गळायला लागली. सिस्टर राउंडला आल्या, आजवर आई ज्याला हात लावू देत नव्हती त्या डब्यातल्या मातीत न विचारता बोट घातलं आणि कात्री उकळायला आत गेल्या. मग ओसरीवर पोतं अंथरून त्यांनी कलम डब्यातून अलगद उपसलं. मुळं काळी पडली होती, आंबूस वास येत होता. डब्याला भोकंच नव्हती. सिस्टरांनी कुजलेली मुळं छाटली, उरलेल्यांना हळद लावली. जुन्या कुंडीत विटांचे तुकडे, वर वाळू मिसळलेली कोरडी माती घालून कलम त्यात बसवलं. कुंडी पागोळीपासून लांब, ओसरीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवली. आणि हुकूम सोडला की मी सांगेपर्यंत याला पाण्याचा थेंब द्यायचा नाही.

आई पायरीवरून उठली. इतक्या महिन्यांत मी तिचा आवाज एवढा चढलेला ऐकला नव्हता. "तहानंनं मरंल ते."

सिस्टरांनी त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने समजवायला सुरुवात केली. मुळंच सडलीत, पाणी ओढणार कशाने, आत्ता पाणी म्हणजे विष, तुम्ही बाजूला व्हा. आई बाजूला झाली नाही. तिने कुंडीच्या काठावर हात ठेवला.

"ह्यांनी पन मागितलं व्हतं," ती म्हणाली. "घोटभर द्ये म्हनलं. डाक्टर म्हनला, न्हाई द्यायचं. म्या न्हाई दिलं. दिसभर माझ्या तोंडाकडं बघत व्हतं."

मला हे ठाऊकच नव्हतं. त्या दिवसांत मी औषधं आणि रिपोर्टांच्या मागे पळत होतो, वडिलांजवळ आईच असायची. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला आणि त्यावर घोटभरही न द्यायला सांगितलं होतं, ते बरोबरच होतं. ते नाही म्हणणं आईच्या वाट्याला आलं होतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

सिस्टर उकिडव्या बसल्या होत्या, त्या पोत्यावरच मांडी घालून बसल्या. हातांना माती तशीच होती. मला वाटलं, आता त्या किडनीचं समजावून सांगतील.

"माझ्या अम्मीला लकवा झाला होता, वहिनी. घशाखाली काही उतरायचं नाही, पाणी दिलं तर श्वासनळीत जायचं. ती खुणेनं पाणी मागायची. मी नर्स, मला सगळं माहीत. कापसाचा बोळा ओला करून ओठांना लावायची फक्त."

आईने विचारलं, "त्यानं तहान भागती व्हय?"

"नाही भागत," सिस्टर म्हणाल्या.

सीमा चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली आणि कप घेऊन परत आत गेली. थोड्या वेळाने सिस्टर उठल्या, हात धुतले, आणि आमच्या घरातून एक पसरट मातीचं झाकण शोधून आणलं. ते त्यांनी ओसरीच्या कठड्यावर ठेवलं आणि आईच्या हातात तांब्या दिला. म्हणाल्या, पाणी घालावंसं वाटलं की यात घाला, कितीही वेळा. पाखरं पितील.

आईने झाकण भरलं. दुसऱ्या दिवशी बुलबुलाची जोडी आली. मग चिमण्या आल्या, एक कावळा पोळीचा तुकडा बुडवून खायला यायला लागला. आई त्याच्याशी भांडायची आणि तो गेला की झाकण घासून पुन्हा भरायची. सिस्टर राउंड संपवून शेवटी आमच्याकडे येऊ लागल्या. चाफ्याला एका मिनिटात बघून व्हायचं, पण त्या जेवणवेळेपर्यंत आईजवळ बसायच्या. आई हळूहळू बोलायला लागली. आपल्या नवऱ्याचे हट्ट सांगून हसायलाही लागली.

चाफा जगला. थंडीत त्याच्या टोकाला एक तांबूस कोंब आला, उन्हाळ्यात पानांनी भरला. आणि पावसाळा आल्यावर आईने सांगून टाकलं, "आता मला घरी सोड. ह्येला परसात लावायचाय, आनि म्याबी हितं किती दिस ऱ्हाऊ."

सिस्टर लावायला बरोबर आल्या. हिर्डोशीत एसटीतून उतरल्या तेव्हा चौकातले चाळिशीतले दोन गडी त्यांना बघून आपोआप दंड चोळायला लागले. लहानपणी सुया त्यांच्याकडूनच घेतल्या होत्या. आईला चाफा विहिरीजवळ हवा होता. सिस्टरांनी छत्रीच्या टोकाने अख्खं परस टोचून उताराची जागा ठरवली, जिथं पाणी थांबणार नाही. खड्डा मी खणला. माती दोघींनी लोटली.

परतीची एसटी संध्याकाळची, शेवटचीच. सिस्टर बूट घालून ओसरीवर तयार होत्या. लांब वळणावर गाडीचा हॉर्न वाजला. आई दारात येऊन सहज म्हणाली, "शिस्टर, ऱ्हावा की आजच्या रात. भाकऱ्या टाकते."

मी म्हणालो, अगं, तिकडे त्यांनी कुणाला कळवलेलं नाही, आणि इथं मोबाईलला रेंज पण नाही.

सिस्टर वाकून बुटांच्या नाड्या सोडत होत्या. "कळवायला कुणी नाहीये, बाळा," मान वर न करता त्या म्हणाल्या. "तू हो पुढे. गाडी थांबायची नाही."

मी पळत जाऊन गाडी धरली. खिडकीतून मागे पाहिलं, तेव्हा आई चुलीसाठी लाकडं आत नेत होती आणि तिच्या मागोमाग, अनवाणी, उरलेली लाकडं कवेत घेऊन सिस्टर घरात शिरत होत्या.