एकट्याला कडी कशाला?

दातांच्या दवाखान्यातलं नंबर देणारं यंत्र एका चिठ्ठीला पुरं अर्धं मिनिट घेत होतं. तेवढ्या वेळात ठणकत्या दाढेचा माणूस काय काय बोलू शकतो, हे बिचाऱ्या प्रोग्रामरनं तीन दिवस ऐकलं होतं. आज यंत्र पळालं नाही तर त्याची नोकरी कायम होणार नव्हती. आणि हा शहाणा सासऱ्यांना "कायम झालो" असं आधीच सांगून बसला होता.

कारण सापडलं तेव्हा त्याला हसावं की रडावं कळेना. प्रोग्राममध्ये काम करणारा थ्रेड, म्हणजे आत राबणारा गडी, एकच. पण तो एकेक अक्षर लिहिताना दुसऱ्या कुणी मधेच लिहू नये म्हणून नोंदीला कुलूप लावायचा, लिहायचा, कुलूप काढायचा. घरात एकट्याच असलेल्या माणसानं दर तांब्याला न्हाणीघराची कडी लावावी, तसं. त्यानं एक ओळ घातली: सुरू होताना बघ, एकटाच असशील तर कुलपाच्या भानगडीत पडू नकोस. चिठ्ठ्या सटासट यायला लागल्या.

"साहेब, चिठ्ठ्यांची दुसरी खिडकी मात्र मधेच उघडू नका," त्यानं दवाखान्याच्या मॅनेजरसाहेबांना बजावलं. "आपण एकटे आहोत का, हे ते सुरू होतानाच बघतं. नंतर दुसऱ्या खिडकीचा थ्रेड आला तरी त्याला पत्ता नसतो."

"मी कशाला उघडतोय?"

साडेदहाला डॉक्टरीणबाई बघायला आल्या आणि साहेबांना चेव चढला. "मॅडम, हे तर काहीच नाही!" म्हणत त्यांनी दुसरी खिडकी सुरू केली.

पाच मिनिटांत खुर्चीपाशी तेवीस नंबरचे दोन पेशंट उभे होते, एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि एक पैलवान.

"तेवीस मी आहे!"

"माझ्याही चिठ्ठीवर तेच छापलंय, बाई. दाढ काय तुमची एकटीचीच दुखते?"

मागे चोवीसचीही जोडी तयार होती.

"बंद करून परत लावू?" प्रोग्रामर कुजबुजला. "फक्त नंबर पुन्हा एकपासून येतील."

"खबरदार!" साहेब दातओठ खात म्हणाले.

तेवढ्यात रोजंदारीवर लादी पुसणाऱ्या मावशी फडकं टाकून उठल्या आणि दोन खिडक्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या. "ए, तू थांब. आधी हिला काढू दे. झालं? हं, आता तू." पंचवीस नंबर एकाच माणसाला मिळाला. सव्वीसही.

संध्याकाळी साहेबांनी प्रोग्रामरला बोलावलं. "मॅडम एकदम खूश. मावशींना आजच्या आज कायम केलं."

"आणि मी?"

"तुझं सहा महिन्यांनी बघू. तोवर मावशी रजेवर असतील त्या दिवशी मधे तू उभं राहायचंस."